वासाच्या रबरी आमिषाला मासा लागत नाही? तपासणी इथून सुरू करा

आधी लक्षणं बघा. एकाच माणसाला यातली दोन-तीनही असू शकतात.

टकटक होते, हाताला स्पष्ट कळते, पण झटका दिला की काही नाही. आमिष बाहेर काढलं तर शेपूट तोडलेली. दुकानात येणारी सगळ्यात नेहमीची तक्रार हीच.

टकटकही नाही. शेजारचा जिवंत कोळंबीवर तांबोशी काढतोय आणि तुमच्याकडं तासभर शांतता.

आमिष सुरकुतून कडक झालंय, गळावरून निघता निघत नाही.

आमिष चिकट झालंय, डब्याच्या तळाला वितळून बसलंय, पांढऱ्याला लाल रंग लागलाय.

फेकताना निसटून जातं, किंवा दोन-तीन फेकींत गळावरून खाली सरकून गोळा होतं.

ओढताना स्वतःभोवती गरगर फिरतं आणि लाईनला पीळ पडतो.

लागलंच तर शिंगाळा नाहीतर केंड (अंग फुगवणारा विषारी मासा). बाकी काही नाही.

सांगली-मिरजेची मंडळी आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातात; कराड-साताऱ्याकडची कुंभार्ली घाटानं चिपळूण, दाभोळ खाडी, गुहागरला. परत आली की पाकीट काउंटरवर ठेवून म्हणतात, "दादा, हे डुप्लिकेट आहे वाटतं, वासच चालत नाही." मी पाकीट उघडतो, चार प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा वासाचा काही दोष निघत नाही. म्हणून नवीन, महागडं पाकीट घेण्याआधी खालचा क्रम धरा. फुकटच्या गोष्टी आधी, पैशाच्या नंतर.

वासाचं काम किती, ते आधी समजून घ्या

जिताडा हातात आला तर त्याच्या डोळ्यापुढं नीट बघा. दोन्ही बाजूंना जवळजवळ अशी दोन-दोन छिद्रं दिसतील. पुढच्यातून पाणी आत जातं, मागच्यातून बाहेर येतं. घशाशी किंवा श्वासाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे माशाला वास कळतो तो पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचा. पाकीट फोडल्यावर आपल्या नाकात शिरणारा वास हवेतला असतो. आपल्याला उग्र वाटलं म्हणजे माशाला लांबून कळलं, असं होत नाही. कोळंबी, शिंपला, बांगडा यांच्या अंगातून पाण्यात जी अमिनो आम्लं सुटतात, ती माशाला फार थोड्या प्रमाणातही कळतात, पण ती पाण्याच्या ओढीनं जिकडं जातील तिकडंच. प्रवाहाच्या वरच्या अंगाला बसलेल्या माशाला तुमचं आमिष कितीही भारी असलं तरी कळणार नाही.

शिकारी मासा आमिषाजवळ येतो तो हालचालीमुळं, पाण्यातल्या थरथरीमुळं. शरीराच्या बाजूनं जाणाऱ्या पार्श्वरेषेनं त्याला ती कळते. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि नको वाटलं तर तितक्याच झटक्यात बाहेर टाकतो. वासाचं आणि चवीचं काम इथं सुरू होतं: तो थुंकायच्या ऐवजी क्षणभर धरून ठेवतो आणि तेवढ्यात तुम्ही झटका देऊ शकता. ताटावर बसलेला माणूस दुसरा घास घेतो तो चवीमुळं, पण त्याला ताटापर्यंत आणायचं काम वेगळं. हे एकदा पटलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम आपोआप कळतो.

हात

खर्च शून्य, म्हणून पहिला नंबर. आपल्याकडची माणसं किनाऱ्यावर पोचतात तेव्हा हाताला काय काय लागलेलं असतं ते आठवा. वाटेत पेट्रोल भरलेलं, घाटात तंबाखू मळलेली, मिसळीची तर्री, किनाऱ्यावर उतरल्यावर सनस्क्रीन, संध्याकाळी डासांची क्रीम. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांत काम करणाऱ्यांच्या तर नखांत हळद दोन-दोन दिवस असते. त्याच हातानं आमिष गळावर चढवलं की आमिषाच्या अंगावर आधी तुमचा थर बसतो. डासांच्या क्रीममध्ये डीट असेल तर ती प्लास्टिकलाच मऊ करते, मग आमिष चिकट होतं आणि रॉडच्या मुठीवरही डाग पडतात.

माणसाच्या कातडीतून सुटणारं एल-सेरीन हे अमिनो आम्ल पाण्यात मिसळलं की नदी चढणारे सामन मासे बिचकतात, हे कॅनडातल्या संशोधकांनी १९५० च्या दशकातच नोंदवून ठेवलंय. सामन हा थंड पाण्यातला वेगळा मासा, पण हात धुवायला कुणाचे पैसे पडत नाहीत. सुगंधी साबण नको. ओली वाळू आणि समुद्राचं पाणी घेऊन तळहात, बोटांच्या बेचक्या आणि नखं चोळून काढा. क्रीम लावायचीच असेल तर ती मनगटाच्या वर आणि दुसऱ्याकडून लावून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी एक हात आमिषासाठी राखून ठेवावा, हा माझा आग्रह आहे.

तुमच्याकडचं आमिष कोणत्या जातीचं आहे?

हे न कळल्यामुळं निम्मे घोळ होतात. बाजारात ढोबळमानानं तीन जाती मिळतात.

एक, नेहमीचं मऊ पीव्हीसीचं. हाताला तेलकट लागतं, वास तेलात मिसळलेला असतो. दोन, रसात बुडवून येणारं. पाकीट किंवा डबी उघडली की आत पाणीदार रस असतो आणि आमिष पाण्यात हळूहळू वास सोडतं. तीन, रबरासारखं खूप ताणलं जाणारं, तुटत नाही, वजन न लावता टाकलं तर बहुतेक वेळा तरंगतं.

ओळख पटत नसेल तर घरीच काचेच्या ग्लासात करून बघा. २०० मिली पाण्यात साधारण ७ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे खारटपणा समुद्राच्या जवळ जातो. त्यात आमिषाचा छोटा तुकडा टाका, ग्लास खिडकीशी ठेवा, हलवू नका. तेलाच्या जातीचं असेल तर थोड्या वेळानं पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो. वास वर निघून गेला, तळातल्या माशापर्यंत त्यातलं थोडंच पोचणार. रसातलं असेल तर तुकड्याभोवती पाणी धुरकट होतं आणि त्या धुराची बारीक दोरी खाली उतरताना दिसते. कोणता वास कुठं जातो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

यातनं दोन गोष्टी निघतात. तेलाच्या आमिषाला हालचालीनंच मासा आणावा लागतो, वास शेवटच्या क्षणी उपयोगी. रसातलं आमिष हळू, थांबून थांबून ओढलं तरी चालतं, पण ते लवकर रिकामं होतं. दर १०-१५ मिनिटांनी ते परत रसात बुडवा. आणि जेवायला बसताना ते गळावर तसंच उन्हात ठेवू नका. वाळून कडक झालं की पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. चाकूनं कापून गळ मोकळा करावा लागतो. कडक होण्याचं लक्षण जवळजवळ नेहमी याच जातीचं असतं आणि त्यात मालाचा दोष नसतो.

पोहतं कसं, ते पायाशी बघा

पहिली फेक लांब टाकू नका. आमिष पायाशी, स्वच्छ पाण्यात, हातभर लाईनवर ओढून बघा. सरळ चाललं पाहिजे, शेपूट सतत हलली पाहिजे. गरगर फिरत असेल तर गळ मधोमध बाहेर आलेला नाही. आमिषाच्या पाठीवर साच्याची बारीक रेघ असते. गळाचं टोक बरोबर त्या रेघेवर बाहेर पडायला हवं. टोचण्याआधी गळ आमिषाशेजारी धरून टोक कुठं येणार तिथं नखानं खूण करा. मिलिमीटरभर चुकलं तरी आमिष वाकतं, वाकलं की फिरतं, आणि फिरणाऱ्या आमिषाला मासा फक्त शेपटीशी टोचतो. टकटक होऊन रिकामं येण्याचं हे मोठं कारण आहे.

पाकिटात दुमडून राहिल्यामुळं वाकलेलं पीव्हीसीचं आमिष सरळ करता येतं. चहाच्या गाडीवर कपभर गरम पाणी मागा, त्यात थोडा वेळ बुडवा, बाहेर काढून सपाट ठेवा, वर गार पाणी ओता. रसातल्या जातीला हा उपाय करू नका, गरम पाण्यात त्याचा वासच निघून जातो.

ही चाचणी घरूनच करून निघालेलं बरं. गच्चीवरची उघडी टाकी किंवा मोठं पिंप पुरतं. काहीजण त्यासाठी संध्याकाळी कृष्णाकाठी जातात. भिलवडी, अंकलखोप, दिग्रज पट्ट्यात नदीत मगरी आहेत हे आपल्याला माहीत आहे. शेपूट हलते का बघायला कातरवेळी पाण्याच्या कडेला वाकून बसायची काही गरज नाही.

भरती

नदीवर वाढलेल्या माणसाला हे सगळ्यात उशिरा कळतं. आयर्विन पुलाखाली पाणी सकाळी होतं तिथंच दुपारी असतं. खाडीत तसं नाही. पाणी चाललेलं असेल तर मासा खायला बाहेर येतो, पाणी थांबलं की तोही थांबतो. आमिषाचा वास पसरायलाही पाणी वाहतं लागतं.

कोकणातला जुना ठोकताळा पाठ करून ठेवा: तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. दिवसाही आणि रात्रीही. जागेप्रमाणं थोडं पुढं-मागं होतं, पण सांगलीतनं किती वाजता निघायचं हे ठरवायला पुरेसं आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. गेल्या रविवारी सकाळी नऊला छान लागले म्हणून या रविवारीही नऊलाच पोचलात तर पाणी उलटं असणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते, हलकं वजन तळाला पोचतच नाही. अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीत, पाणी संथ असतं, तिथं हलकं वजन आणि रसातलं आमिष चांगलं काम करतं.

भाट्ये खाडीच्या तोंडाशी किंवा पूर्णगडला बसायचं तर मी पाणी चढायला लागल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास आणि ओहोटी सुरू होतानाचे दोन तास धरतो. मधल्या वेळात आराम करा, आमिष बदलत बसू नका. थांबलेल्या पाण्यात चार पाकिटं फोडणारी माणसं मी बघितली आहेत आणि त्यांचे गेलेले पैसे बघून वाईट वाटतं.

ओढायचा वेग

आपल्याकडं कणकेची गोळी लावून वाट बघायची सवय. तीच माणसं किनाऱ्यावर रबरी मासा तळाला टाकून बसतात आणि खेकडे तो कुरतडून खातात. उलट दुसरी माणसं व्हिडिओ बघून इतक्या जोरात रील फिरवतात की वास कळायच्या आत आमिष पुढं गेलेलं असतं.

मधली रीत अशी. फेकल्यावर आमिष तळाला टेकू द्या. लाईन सैल पडली की टेकलं. रॉडचं टोक हळूच वर घ्या, रीलचे दोन-तीन फेरे, मग पुन्हा खाली पडू द्या. बहुतेक झटके पडतानाच येतात, म्हणून पडताना लाईन पूर्ण सैल सोडू नका, हलकी ताणलेली राहू द्या. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात आणखी हळू, कारण तिथं मासा डोळ्यांपेक्षा थरथर आणि वास यांवर येतो. हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात वासाचं महत्त्व कमी; आकार लहान करा, लीडर (लाईनच्या टोकाला, गळाजवळ जोडलेला दोऱ्याचा तुकडा) लांब ठेवा.

वजन याच्याशीच जोडलेलं आहे. संथ खाडीत ५ ते १० ग्रॅमचं जिगहेड (डोक्याशी वजन ओतलेला गळ), जोराच्या ओढीत १४ ते २१ ग्रॅम. तळ लागल्याचं हाताला कळेल एवढंच वजन लावा, त्याहून जास्त नको. जड जिगहेडवर आमिष दगडासारखं पडतं आणि कातळाच्या फटीत अडकतं.

फक्त शिंगाळा आणि केंड लागत असतील तर त्याचा अर्थ आमिष तळावर फार वेळ पडून आहे. शिंगाळा मिशांनी तळ चाचपून खातो, वासाचं पडलेलं आमिष त्याला आयतंच. हातभर वर उचलून चालवा. केंडाच्या टोळीत सापडलात तर जागा बदला. त्याच्या चोचीसारख्या दातांपुढं कोणतंही रबर टिकत नाही.

कोळंबीची कसोटी

इथवर सगळं केलं, तरी काही नाही. आता थोडा खर्च. बंदरावरनं मूठभर ताजी कोळंबी घ्या, त्याच जागी, त्याच लाईनवर, साध्या गळाला लावून वीस मिनिटं टाका.

कोळंबीलाही काही नाही, तर आमिषाला दोष देऊ नका. जागा किंवा वेळ चुकली आहे. कोळंबीला लागलं आणि रबराला नाही, तरच आमिष, गळ आणि साठवण तपासायची. एका वेळी एकच गोष्ट बदला. रंग, वजन आणि जागा एकदम बदलल्या तर मासा कशामुळं लागला ते कधीच कळत नाही.

गळ आणि जिगहेड

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. अडकलं तर धार आहे, घसरलं तर नाही. खडकाला घासलेला गळ एका फेकीत बोथट होतो. बारीक कानस जवळ ठेवा. मीठ भरलेल्या आमिषात रात्रभर राहिलेला गळ आतून गंजतो आणि बाहेरून दिसत नाही. मुक्कामाला आमिष काढूनच ठेवा.

दुसरं, गळाची फट. आमिषाची जाडी वजा केल्यावर गळाच्या टोकाशी निदान अर्धा सेंटीमीटर मोकळा राहिला पाहिजे. जाडजूड रबरी मासा छोट्या गळावर चढवला की मासा चावतो, पण टोकापर्यंत त्याचा जबडा पोचतच नाही. शेपूट तुटून येत असेल तर आमिष एका मापानं लहान घ्या, ७ ते १० सेंटीमीटरचं आपल्या खाड्यांना पुरतं.

आमिष खाली सरकत असेल तर जिगहेडच्या मानेला फेव्हिक्विकचा एक थेंब लावून वर सरकवा. पीव्हीसीला हे चांगलं धरतं. रबरासारख्या ताणणाऱ्या जातीला नीट धरत नाही, तिला मानेवर उलटा काटा असलेलं जिगहेडच घ्यावं लागतं.

साठवण: आपल्या भागातला खरा रोग

कोकणातला माणूस आठवड्याला पाण्यावर असतो, त्याची पाकिटं संपतात. आपण वर्षातनं मोजके दिवस जातो. उरलेलं पाकीट गाडीच्या डिकीत राहतं आणि मार्च-एप्रिल-मे सांगलीच्या उन्हात काढतं. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत ५० अंशांच्या पुढं सहज जातं. तिथं तेल सुटतं, रंग उतरतात, रसाची डबी फुगते किंवा आटते. दिवाळीनंतर माणूस तेच घेऊन निघतो.

घरात, माळ्यावर नव्हे, जमिनीलगत सावलीच्या कपाटात ठेवा. मूळ पाकिटात, सपाट, उभं दाबून नाही. रसाची डबी उलटी करून दोन मिनिटं ठेवा, झाकण गळत असेल तर टेप मारा.

वितळून चिकटल्याचं कारण बहुतेक वेळा डबा असतो. मऊ पीव्हीसीमध्ये ते मऊ राहावं म्हणून तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. तो बाहेर येऊन काही कडक प्लास्टिकला विरघळवतो. डबा उलटा करून तळाच्या त्रिकोणातला आकडा बघा. ५ असेल तर चालेल. ६ असेल, म्हणजे काचेसारखा पारदर्शक, टिचकी मारल्यावर खणखणणारा, तर त्यात रबरी आमिष ठेवू नका. ताणणारी जात आणि पीव्हीसीची जात एका पाकिटात कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून गोळा होतो. कडक प्लास्टिकचे ल्यूरही वेगळे.

खराब झालेली आमिषं गॅसवर वितळवून नवीन ओतायचा प्रयोग घरात करू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईडचा धूर निघतो, तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे. आणि तुटलेले तुकडे पाण्यात टाकू नका. ते कुजत नाहीत, मासे आणि कासवं गिळतात. वेळासपासून खाली कितीतरी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तुकड्यांसाठी खिशात एक पिशवी ठेवा.

वास उडालेल्या आमिषाला घरचा वास

पीव्हीसीचं आमिष अंगानं धड आहे, फक्त वास गेलाय, तर फेकू नका. बाजारातला सुका जवळा मूठभर घ्या, कोरडाच मिक्सरमधनं काढा, वाटीभर पाण्यात मंद आचेवर उकळा, फडक्यातनं गाळा. त्यात दोन चमचे मीठ आणि थोडं मक्याचं पीठ घालून दाटसर होईपर्यंत ढवळा. गार झालं की घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. फेकण्याआधी आमिष त्यात बुडवायचं. हे पाण्यातलं आहे, म्हणून माशापर्यंत पोचतं. ग्लासात टाकून बघा, दोरी उतरताना दिसेल. घरच्यांना आधी विचारा, जवळ्याचा वास स्वयंपाकघरात राहतो. गोडं तेल घालून बनवलेल्या मिश्रणांपेक्षा मला हे कितीतरी पटीनं बरं वाटतं.

याच्यापुढं नवीन पाकीट. घ्यायचंच तर एक तेलाचं, एक रसातलं, असं लहान पाकीट घ्या. पाच रंगांचे मोठे डबे घेऊन वर्षभर वाळवण्यात अर्थ नाही.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

रील फिरवताना आत वाळू चरचरल्यासारखं जाणवतं, किंवा मूठ उलटी फिरते, तर त्या दिवशी ती रील बंद. खारं पाणी आत गेलंय. बाहेरून गोड्या पाण्यानं हलकं धुवा, पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आणखी आत ढकलतो. उघडून बघायचा मोह टाळा. आतल्या स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम चुकला की ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाईन सोडणारा रीलचा ब्रेक, कधीच नीट बसत नाही. दुरुस्तीवाल्याकडं द्या. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा एवढाच लावलेला असावा. सामान मोजायच्या लटकत्या काट्यानं तपासता येतो. पुन्हा पुन्हा लीडर कापून मासा जात असेल तर जिताड्याच्या कल्ल्यावरच्या धारदार कडेचं काम आहे, ३० ते ४० पौंडी लीडर लावा. गाठीवर तुटत असेल तर कुणा जुन्या माणसाकडून गाठ समोर बसून शिकून घ्या.

गळ कातडीत टोकाजवळच्या उलट्या काट्यापलीकडं रुतला, किंवा डोळ्याजवळ, सांध्यात, बोटाच्या पेरात गेला, तर ओढू नका. लाईन कापा, आमिष बाजूला काढा, गळ हलणार नाही असं फडकं बांधा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर कळ भयंकर असते. सोसेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, तो भाग अर्धा ते दीड तास ठेवला तर कळ उतरते. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हातानं तपासा. बधिर झालेला हात भाजतो तेव्हा कळत नाही. त्यानंतरही डॉक्टर हवाच, काट्याचा तुकडा आत राहतो. काटा छातीत किंवा पोटात गेला असेल तर तो उपसू नका, तसंच हॉस्पिटलला न्या. केंड कापून खायचा प्रयोग कुणीही सांगितला तरी करू नका. त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन शिजवून जात नाही.

आणि पाणी. इन्कॉइस ही हैदराबादची सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, निघण्याआधी ते बघा. कातळावर उभं राहण्याआधी दहा मिनिटं लांबून लाटा बघा. जिथवर खडक ओला आहे तिथवर लाट येते.

सगळं तपासलं, कोळंबीची कसोटीही केली, तरी हात रिकामेच राहत असतील तर तिसऱ्या पाकिटाचे पैसे वाचवून एक दिवस तिथल्याच गरवणाऱ्या माणसाला सोबत घ्या, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याला आमिषाबद्दल विचारू नका. विचारायचं ते इतकंच: या खाडीत पाणी कोणत्या कडेनं चढतं, कातळ कुठं संपून चिखल कुठं सुरू होतो, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मासा कुठं येऊन थांबतो. मोबाईलवर नकाशा उघडा आणि त्यानं दाखवलेल्या जागांवर तिथंच खुणा करून घ्या.